कंपाउंडरांची शनिवारची पोथी

हायम रूबेन वाक्रुळकर १९५१ साली मालवणपासून दोन कोसांवरच्या एका बंदरगावात सरकारी दवाखान्याचे कंपाउंडर म्हणून बदलून आले. गावानं पहिल्या आठवड्यात आडनाव ऐकून त्यांना ब्राह्मण ठरवलं, दुसऱ्या आठवड्यात नाव ऐकून ख्रिस्ती ठरवलं आणि तिसऱ्या आठवड्यात, ते डुकराचं मटण खात नाहीत असं कळल्यावर, मुसलमान ठरवून टाकलं. चौथ्या आठवड्यात त्यांची घरमालकीण काशीबाई मासळीची पाटी अंगणात टेकवून सरळ पुढ्यात येऊन उभी राहिली.

"कंपाउंडरांनू, तुमी नक्की कोण?"

"आम्ही बेने इस्राएल. यहुदी. मूळ गाव पेणकडचं."

"थंय खयसून इलास?"

"दोन हजार वर्षांपूर्वी आमच्या पूर्वजांचं गलबत अलिबागजवळ फुटलं, असं सांगतात. जे वाचले ते तिथंच राहिले."

काशीबाईनं थोडा विचार केला. तिचा नवरा समुद्रातच गेला होता. तेव्हापासून ती मासळी विकून पोट भरत होती आणि अर्धं घर भाड्यानं देत होती. "आमची गलबतां दर दोन वर्सांनी फुटतत," ती म्हणाली, "पण वाचलेलो माणूस घराक परत येता. तुमच्यातलो एकव परत गेलो नाय?"



खरं सांगायचं तर हायमराव काही धार्मिक गृहस्थ नव्हते. मुंबईत होते तेव्हा ते वर्षातून दोनदा सिनेगॉगमध्ये जायचे, तेही एस्तेरबाईंनी कोट इस्त्री करून हातात दिला म्हणून. इथं आल्यावर कोट ट्रंकेत गेला. पण त्यांची अकरा वर्षांची मुलगी मिल्का गावच्या शाळेतून गणपतीची आरती खडखडीत पाठ म्हणत घरी आली, आणि मोशे कोण असं विचारल्यावर तिनं "आपल्या दूधवाल्याचा भाऊ?" असं उलट विचारलं, तेव्हा एस्तेरबाईंनी पोळपाट बाजूला ठेवला.

"आरती म्हणते ते चांगलंच आहे," त्या नवऱ्याला म्हणाल्या, "पण आपलंही काही तिच्या कानावर पडू दे."

ट्रंकेत कोटाखाली हायमरावांच्या वडिलांची जाड वही होती. वडील मराठी शाळेत मास्तर होते. मोशेचे पाचही ग्रंथ, म्हणजे तोरा, त्यांनी वळणदार बाळबोध अक्षरात मराठीत उतरवून काढले होते. यहुदी लोक हे ग्रंथ वर्षभराच्या शनिवारांत वाटून घेतात. एका शनिवारच्या वाट्याला पाराशा म्हणतात, आणि त्या शनिवारी जगभरातले यहुदी तीच पाराशा वाचतात. शनिवार हा विश्रांतीचा शब्बाथ. त्या दिवशी काम करू नको, अशी देवाची आज्ञा. दवाखाना मात्र शनिवारी एक वाजेपर्यंत उघडा ठेवावा, अशी सरकारची आज्ञा. हायमरावांनी दोघांचाही मान राखला. एकपर्यंत सरकार, दोननंतर देव.

दोन वाजता ते पडवीत चटई टाकून बसत, मिल्काला समोर बसवत आणि वही उघडून मोठ्यानं वाचत. सुरुवातीच्या दोन ओळी हिब्रूतून अडखळत, पुढचं सगळं मराठीतून सुसाट. तिसऱ्या शनिवारी काशीबाई डोक्यावर पदर घेऊन खांबाला टेकून बसली. पोथी ऐकायला आमंत्रण लागत नाही, हा तिचा समज होता आणि तो खोडायला हायमरावांना सुचलं नाही. वाचन संपल्यावर तिनं वहीला हात जोडले आणि वर एक अबोलीचं फूल ठेवलं. हायमराव घाबरले. मूर्तिपूजेविरुद्धची आज्ञा त्यांनी दोनच आठवड्यांपूर्वी खणखणीत आवाजात वाचली होती.

"असू दे," एस्तेरबाई स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाल्या. "फूल आहे, मूर्ती नाही."

काशीबाईमागून बाबली तांडेल यायला लागला. त्याचा स्वतःचा मचवा होता आणि गोव्यापासून रत्नागिरीपर्यंतचा किनारा त्याला पाठ होता. मग गंगाराम मास्तर आले. ते पेन्शनीत निघाले होते आणि शिकवण्यासारखं कुणी उरलं नसल्यामुळे तक्रारखोर झाले होते. वर्षाच्या आत पडवी भरली. शिकायचं होतं ती मिल्का मागं सरकत सरकत उंबऱ्याशी गेली आणि तिथं बसून चिंचा खाऊ लागली.

नोहाची पाराशा आली तेव्हा पहिला वाद झाला. देवानं नोहाला तीनशे हात लांब आणि पन्नास हात रुंद तारू बांधायला सांगितलं, इथवर बाबलीनं ऐकून घेतलं.

"शीड?" त्यानं विचारलं.

"शिडाचं काही लिहिलेलं नाही."

"सुकाणू?"

हायमरावांनी पान खालीवर पाहिलं. "नाही."

"वल्हीं तरी?"

"नाहीत."

"मगे ती होडी न्हय, कंपाउंडरांनू. ती पेटी आसा. पेटयेत बसान समुद्रात जाणारो माणूस माझ्या बघण्यात नाय."

"अरे, सुकाणू नोहाच्या हातात नाय, देवाच्या हातात आसा," गंगाराम मास्तर म्हणाले, "ह्योच तेचो अर्थ."

"अर्थ तुमी काढा मास्तरांनू. समुद्रात माका जाऊचा लागता."

हायमरावांना राग आला. धर्मग्रंथाची अशी चेष्टा त्यांना मानवली नाही. पण त्या रात्री वहीच्या समासात त्यांना वडिलांच्या हातची बारीक शाई दिसली: मूळ शब्द 'तेबा', अर्थ पेटी. लहानपणी वडिलांबरोबर ही पाराशा त्यांनी निदान दहा वेळा ऐकली होती. सिनेगॉगमध्ये त्यांच्या आजूबाजूला वकील असत, डॉक्टर असत, एक तर जहाज कंपनीतला हेडक्लार्क होता. सुकाणू कुठं आहे, हे कुणी कधी विचारलं नव्हतं. पुढच्या शनिवारी त्यांनी बाबलीची भर पडवीत माफी मागितली. बाबलीला त्याचं नवल वाटलं नाही. "मी सांगलंय मां," तो म्हणाला.

दुसरी अडचण त्याहून नाजूक होती. खरं वाचन चर्मपत्राच्या गुंडाळीतून होतं आणि त्याला दहा पुरुष हजर असावे लागतात, असं हायमराव एकदा बोलून गेले.

बाबलीनं पडवीत बोट फिरवून मोजलं. "तेरा आसव."

"यहुदी लागतात."

"म्हणजे आमी बसलों तां देवाक पावना नाय?"

"पावतं," हायमराव चाचरत म्हणाले. "पण हजेरी लागत नाही."

हे उत्तर गावाला पटलं. सरकारी कामाचा अनुभव सगळ्यांनाच होता.

शनिवारी काम करू नये, ही आज्ञा मात्र गावानं हायमरावांपेक्षा मनावर घेतली. ती पाराशा वाचून झाल्यावर बाबलीनं विचारलं, "मगे आज सकाळी माका खोकल्याचा औषध दिलास तां?"

"जीव वाचवायचा असेल तर चालतं. शास्त्रात तशी सूट आहे."

"माझो जीव जाय नव्हतो. नुसतो खोकलो होतो."

बाबली बंदरावर गेला आणि त्यानं सांगून टाकलं, की शनिवारी कंपाउंडरांकडे गेलं तर पाप त्यांना लागतं, तेव्हा मरायला टेकलेल्यानंच जावं. महिन्याभरात शनिवारी दवाखाना ओस पडू लागला. ताप शुक्रवारी यायचा किंवा रविवारपर्यंत दम धरायचा. डॉक्टरसाहेब परगावचे होते. त्यांनी नोंदवही चाळून पाहिली आणि विचारलं, "वाक्रुळकर, शनिवारी या गावाला कुठून अमृत मिळतं हो?" हायमराव रिकाम्या बाटल्यांसमोर हात जोडून बसले होते. एक दिवसही रजा न घेता ते पक्के शब्बाथ पाळणारे झाले होते, आणि त्यात त्यांची स्वतःची इच्छा कुणी विचारली नव्हती.

मासळीचंही तेच. ज्या माशाला खवले आणि पर असतील तोच खावा, बाकीचे, खेकडे-कोळंबीसकट, वर्ज्य, ही पाराशा वाचली तेव्हा काशीबाई उसळली. "म्हणजे मोरी वायट? कुर्ल्यो वायट? सुंगटां वायट? तुमच्या देवान कधी सुंगटां खाल्ल्यान तरी?" असं म्हणून ती उठून गेली. पण दुसऱ्या दिवसापासून हायमरावांच्या दारात पाटी उतरवताना ती प्रत्येक मासा नखानं खरवडून बघू लागली. खवला दिसला तर मासा घरात, नाही तर परत पाटीत. एस्तेरबाई एकदा म्हणाल्या, "काशीबाई, सुरमई चालते आम्हांला." काशीबाईनं सुरमई उन्हात धरली, नखानं चाचपली आणि म्हणाली, "माका नीट दिसाक नाय. बांगडे घेवा."

आणि अशा परिस्थितीत, १९५४ च्या दिवाळीत, डॉक्टरसाहेबांच्या घरी जेवायला बोलावलं असताना, हायमराव सुंगटांचं सांबारं जेवले.

नारळाच्या रसात तिरफळ घालून केलेलं ते कोळंबीचं सांबारं होतं. वास आला तेव्हाच त्यांचा निम्मा धर्म गेला होता. उरलेला निम्मा वाढणाऱ्या डॉक्टरीणबाईंच्या आग्रहात गेला. घरी आल्यावर त्यांनी एस्तेरबाईंना काही सांगितलं नाही. पण सुंगटं विकली होती काशीबाईनं, आणि पाहुण्यांना आवडली का, असं डॉक्टरीणबाईंना विचारलंही तिनंच.

पुढचे दोन शनिवार काशीबाई पडवीत आली नाही. तिसऱ्या शनिवारी आली आणि वाचन सुरू व्हायच्या आधी सगळ्यांदेखत म्हणाली, "कंपाउंडरांनू, चुकान पाप झाला तर तुमच्या पोथयेत काय करूचा सांगलेला आसा?"

हायमरावांच्या कानांच्या पाळ्या तापल्या. "शेळी अर्पण करायची. पण यरुशलेमचं मंदिर पडल्यापासून अर्पण बंद आहे. आता नुसती प्रार्थना."

"सवाय सुटलास, शेळी वाचली," काशीबाई म्हणाली आणि खांबाला टेकून बसली.

अशी वर्षं गेली. दोनदा बदलीचा हुकूम निघाला आणि दोन्ही वेळा त्यांच्या जागी यायला कुणी तयार नाही म्हणून रद्द झाला. मिल्का मोठी झाली, मुंबईला जाऊन नर्सिंग शिकली आणि १९६० साली मामाच्या कुटुंबाबरोबर इस्राएलला गेली. तिथं बीरशेबाच्या एका इस्पितळात लागली. दर महिन्याला तिचं पत्र यायचं. हायमराव ते पाराशेनंतर वाचून दाखवायचे, कारण नाही दाखवलं तर काशीबाई मागून घ्यायची.

मिल्का लिहायची, की इथं शनिवारी तिची दुहेरी पाळी असते. तिच्याबरोबरच्या मुली सुटी असेल तर समुद्रावर जातात. पाराशा ऐकायला जाणारं तिच्या ओळखीत कुणी नाही.

"थंय सगळेच तुमचे?" काशीबाईनं विचारलं.

"जवळजवळ सगळेच."

"नि शनिवार कोण पाळता?"

"पाळणारे आहेत. मिल्काच्या ओळखीत नाहीत."

"मगे इतक्या लांब जाऊन काय केल्यान चेडवान?" काशीबाई म्हणाली. "हंय रवला असता तर बिनलग्नाचा सुकला असता, पण शनिवार पाळला असता."

१९६२ च्या मे महिन्यात आलेलं पत्र मात्र हायमरावांनी पडवीत वाचलं नाही. यॉसेफ नावाच्या मुलाशी मिल्काचं लग्न ठरलं होतं. मुलगा विजेची कामं करायचा, लढाईनंतर रुमानियाहून आलेला. इथवर आनंदच होता. पण तिथं लग्न लावायचं तर धर्मकचेरीतूनच. दोघं अर्ज घेऊन गेली. यॉसेफला नाव आणि गाव विचारून मोकळं केलं. त्याच्या घरचे सगळे कागद लढाईत जळाले होते, त्याबद्दल कुणी हरकत घेतली नाही. मिल्का हिंदुस्थानातली म्हटल्यावर अधिकाऱ्यानं पेन खाली ठेवलं. तुझी आई यहुदी कशावरून? आईची आई? तिची आई? तुमच्याकडे धर्म पाळतात याला पुरावा काय? त्या वर्षी बेने इस्राएलांच्या लग्नांबद्दल तिथं असे प्रश्न निघतच होते. मिल्कानं लिहिलं होतं, 'बाबा, मी सहा वर्षं पडवीत बसले. त्याचा कागद कुठं मिळतो?'

एस्तेरबाईंनी पत्र दोनदा वाचलं आणि चुलीपुढं जाऊन बसल्या. नेमका त्या शनिवारी चौथा ग्रंथ सुरू व्हायचा होता. त्यात वाळवंटातल्या सगळ्या कुळांची शिरगणती आहे, अमक्याचा मुलगा तमका, पानंच्या पानं.

"पोथीत सगळी नावं बापांची," एस्तेरबाई तिथूनच म्हणाल्या. "पुरावा मागताना मात्र आई आठवते. माझी आजी रेवदंड्याला तेलाचा घाणा चालवायची. शनिवारी घाण्याचा बैलसुद्धा सोडायची, म्हणून गाव आम्हांला शनवार तेली म्हणायचं. विचारा त्यांना, बैलाची साक्ष चालेल का?"

हायमरावांनी त्यांच्या जुन्या सिनेगॉगला पत्र घातलं. तिथल्या सेक्रेटरींचं सभ्य उत्तर आलं. 'आपले नाव १९५१ नंतर आमच्या नोंदवहीत आढळत नाही. आपल्या आचरणाविषयी आम्ही काय लिहावे? तथापि आपल्या गावच्या दहा प्रतिष्ठित गृहस्थांचे निवेदन आल्यास विचार करता येईल.' सेक्रेटरींचा जन्म मुंबईत गेला होता. जिथं यहुदी राहतो तिथं आणखी दहा असणारच, अशी त्यांची समजूत असावी.

गोष्ट गावापासून लपली नाही. गंगाराम मास्तरांनी ते पत्र मागून घेतलं आणि चष्मा लावून तीनदा वाचलं. "ह्यात यहुदी हा शब्द खंय आसा? गृहस्थ म्हटलेला आसा. प्रतिष्ठित म्हटलेला आसा. आमी काय अप्रतिष्ठित?"

त्यानंतर आठ दिवस गावात प्रतिष्ठा वाटून घेण्याचं काम चाललं. जे कधी पडवीची पायरी चढले नव्हते तेही सहीला तयार झाले. मास्तरांनी त्यांना परीक्षा घेऊन परतवलं. नोहाच्या तारवात शीड होतं का, एवढाच प्रश्न ते विचारत. शेवटी नऊ नावं ठरली. शनिवारी दुपारी पाराशा आटोपल्यावर मास्तरांनी मसुदा वाचायला घेतला. त्यांच्या पेन्शनीतल्या मराठीला इतक्या वर्षांनी प्रसंग सापडला होता.

"'आम्ही खाली सह्या करणार असे लिहून देतो की, श्रीयुत वाक्रुळकर हे गेली अकरा वर्षे दर शनिवारी मोशेच्या ग्रंथाचे अखंड वाचन करीत असून, त्या दिवशी जीवावर बेतल्याखेरीज कोणासही औषध देत नाहीत. त्यांच्या घरात निषिद्ध मत्स्य कधीही शिरला नाही…'"

"दहावो कोण?" बाबलीनं मध्येच विचारलं.

"दुकानदार शंकरशेट. उद्या सही देतंय म्हणालेत," मास्तर म्हणाले.

"तो एक फावट तरी इल्लो?" काशीबाई खांबाजवळून म्हणाली. "मासळी मी दिलंय अकरा वर्सां. खवलो मी बघलंय. नि साक्ष शंकरशेट देतलो?"

"गृहस्थ म्हटलेला आसा, काशीबाय," मास्तर म्हणाले. "तू गृहस्थ कशी?"

तेव्हा एस्तेरबाई स्वयंपाकघरातून बाहेर आल्या. अकरा वर्षांत त्या वाचनाच्या वेळी दाराबाहेर आल्या नव्हत्या. "मास्तर, पुरावा हवाय तो आईचा आणि आजीचा. मग बाईची साक्ष का नको? काशीबाईंचं नाव घाला."

मास्तरांनी पेन उचललं. पण काशीबाईनं हात आडवा धरला. "अंगठो देतंय. पण आदी खरा लिवा."

"काय खोटा आसा?" मास्तरांनी विचारलं.

"निषिद्ध मासो शिरूक नाय म्हणतास. घरात शिरूक नाय तां खरा. पोटात शिरलो होतो."

एस्तेरबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. हायमराव आढ्याकडे बघत होते.

"काशीबाय, आठ वर्सां झाली तेका," बाबली हळूच म्हणाला. "चेडवाच्या लग्नाचो प्रश्न आसा."

"चेडू माझा पण आसा. पण खोटी साक्ष देव नको म्हणान ह्यांनीच वाचल्यानी. एक फावट न्हय, अकरा फावट. मी ऐकलंय ता ऐकलंय. आता तेंच्याच पोथयेवर हात ठेवन माका खोटा बोलाक सांगतास?"

वाद दिवेलागणीपर्यंत चालला. मास्तरांचं म्हणणं, की न लिहिणं म्हणजे खोटं लिहिणं नव्हे. बाबलीचं म्हणणं, की वादळात जड सामान समुद्रात टाकावं लागतं. काशीबाई हलेना. शेवटी हायमरावांनीच आढ्यावरची नजर खाली आणली.

"लिहा मास्तर," ते म्हणाले. "मी खाल्ली होती."

मास्तरांनी उसासा टाकून ओळ घातली: 'इ. स. १९५४ साली एका प्रसंगी, यजमानांच्या आग्रहास बळी पडून, त्यांनी सुंगटांचे सांबारे सेवन केले. तदनंतर असा प्रकार आमच्या पाहण्यात नाही.'

"किती फावट वाढून घेतल्यानी?" काशीबाईनं विचारलं.

"दोनदा," हायमराव म्हणाले.

"ता नको लिवा," ती उदारपणे म्हणाली आणि अंगठा उमटवला.

सोमवारी सकाळी पोस्टात निघताना हायमरावांनी लखोटा हातात धरून विचारलं, "ती ओळ गाळून दुसरी प्रत करू? अक्षर जमेल मला."

"पाठवा तसाच," एस्तेरबाई म्हणाल्या. "आपल्याबद्दल कुणीतरी एवढं खरं लिहिलंय. पुन्हा कुणी लिहील असं वाटत नाही." आणि मग, "आठ वर्षं मला सांगवलं नाही होय?"

निवेदन मुंबईला गेलं. सेक्रेटरींनी त्याला आपलं चार ओळींचं पत्र जोडलं, त्यावर गोल शिक्का मारला आणि सगळं इस्राएलला पाठवून दिलं. त्यानंतर पावसाळा गेला, सणाचे दिवस गेले, यहुद्यांचं नवं वर्ष लागलं, तोरा संपून पुन्हा पहिल्या पानापासून सुरू झाली. नोव्हेंबरात मिल्काचं पत्र आलं. लग्न झालं होतं.

तिनं सविस्तर लिहिलं होतं. कचेरीत निवेदन आलं तेव्हा ते वाचता येणारं तिथं कुणीच नव्हतं. अधिकाऱ्यानं विचारलं, ही कुठली लिपी? मराठी. मराठी कुणाला येतं? मिल्काला. तेव्हा स्वतःच्या खरेपणाचा दाखला मिल्कानंच हिब्रूत सांगितला. सुंगटांच्या ओळीशी ती अडखळली. गाळली असती तर कुणाला कळलं नसतं. पण तिनं सांगितली. म्हाताऱ्या अधिकाऱ्यानं विचारलं, ही काशीबाई तुमची कोण? घरमालकीण. यहुदी? नाही. हे बाकीचे नऊ? नाहीत. त्यानं दाढीवरून हात फिरवला. मग म्हणाला, इतर धर्मीयांची साक्ष या कामी धरता येत नाही. पण त्यासोबतचं मुंबईचं पत्र ठीक आहे, त्यावर शिक्का आहे. आणि त्यानं सही केली. 'ते निवेदन त्यांनी फायलीला लावलं नाही,' मिल्कानं शेवटी लिहिलं होतं. 'घडी करून खिशात घातलं. बायकोला सांगतो म्हणाले.'

हायमराव पत्र घेऊन दोन दिवस फिरले. लग्न झालं एवढंच सांगावं आणि खाजं वाटावं, असं त्यांना फार वाटत होतं. पण काशीबाईसमोर अर्धं सांगण्याची सोय राहिली नव्हती. शनिवारी पडवी भरल्यावर त्यांनी अख्खं पत्र वाचून दाखवलं.

"म्हणजे," बाबली सावकाश म्हणाला, "जेनी तुमका अकरा वर्सांत बघूक नाय तेची सही चलली. नि आमी बघलों ते फुकट."

"शिक्का नव्हता आपल्याकडे," हायमराव म्हणाले.

"मसुदो मी तीन फावट लिवलंय," गंगाराम मास्तर कुणाकडेही न बघता म्हणाले. तालुक्याच्या ठिकाणी त्यांनी त्या मसुद्याची प्रत चार जणांना दाखवली होती.

काशीबाईनं पदराच्या टोकानं तोंड पुसलं. "चेडवान ती वळ वाचल्यान मां? सुंगटांची?"

"वाचली."

"मगे झाला तर. आमचा बोलणा ऐकल्यानी. मानूक नाय तो तेंचो प्रश्न."

खाजं वाटून झालं. हायमरावांनी वही उघडायला हात पुढे केला, तर ती एस्तेरबाईंच्या हातात होती. त्या चटईवर बसल्या, चष्मा लावला आणि म्हणाल्या, "आज मी वाचते." बाई तोरा वाचते हे हायमरावांनी कुठं पाहिलं नव्हतं. ते बोलायला गेले, पण पडवीतल्या कुणालाच त्यात काही वावगं दिसलं नाही. मग तेही काशीबाईशेजारी सरकून बसले.

त्या शनिवारची पाराशा रिबेकेच्या लग्नाची होती. अब्राहामाचा चाकर मालकाच्या मुलासाठी मुलगी शोधत परमुलखात येतो आणि विहिरीशी थांबतो. रिबेका घागर घेऊन येते. त्याला पाणी देते, त्याच्या दहाही उंटांना पोटभर पाणी शेंदून पाजते, आणि त्यावरून तो ठरवतो की हीच ती. एस्तेरबाईंचं वाचन संथ होतं. हायमराव जिथं धावत तिथं त्या थांबत. मुलीला बोलावून घरचे विचारतात, या माणसाबरोबर तू जाशील काय? तिथं त्या इतक्या थांबल्या, की मास्तरांनी मान वर करून पाहिलं.

"ती म्हणाली, मी जाईन," एस्तेरबाईंनी वाचलं.

"एक मिंट," बाबली म्हणाला. "धा उंट म्हणालास. एक उंट किती पाणी पिता, मास्तरांनू?"

"तहानेलेला असला तर वीसेक घागरी तरी."

"म्हणजे दोनशे घागरी. एका चेडवान. नि तो बापयो थंय उभो रवान बघी होतो?"

एस्तेरबाईंनी ओळीवर बोट ठेवून पाहिलं. "हो. 'तो मनुष्य स्तब्ध राहून तिच्याकडे पाहत होता,' असंच लिहिलंय."

"मेलो," काशीबाई म्हणाली. "एक घागर तरी तेनी उचलूची होती."

यावर मास्तरांनी अर्थ सांगायला सुरुवात केली, बाबलीनं तो मोडून काढला, आणि त्या दिवशीची पाराशा संपायला साडेपाच वाजले.